बाबारावकाकाचा माड

बाबारावकाकाकडे चहा प्यायचा तर आधी आंघोळ करावी लागे. अगदीच घाई असेल तर पाय धुवून भागायचं, पण तेही मोरीत नाही, अंगणातल्या माडाच्या बुडाशी. आमच्या रिसोडात पाहुण्याला पाणी देतात. हा माणूस पाहुण्याकडून पाणी वसूल करायचा.

"बसा, साबन घ्या. च्या काई पयून नाई राह्यला," चहा काही पळून जात नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा माझे सासरे धनजहून आले. मी पान आणायला कोपऱ्यावर गेलो, तेवढ्यात ते सहज शेजारी काकाच्या ओट्यावर टेकले. परत येऊन पाहतो तर सासरे पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर माडाखाली, डोक्याला फेस, आणि काका तांब्याने पाणी ओततोय! सासऱ्यांनी पुढे जन्मभर मला त्यावरून ऐकवलं.

झाड होतं भेरली माड. पानं माशाच्या शेपटीसारखी कातरलेली. कोकणातल्या ओल्या रानातलं हे झाड. तिथे म्हणे चार महिने कपडे वाळत नाहीत. आमच्याकडे वैशाखात माणूस वाळतो. काका सावंतवाडीकडे जंगल खात्यात चपराशी होता. बायको रुक्मा गेल्यावर नोकरी सोडून गावी आला, तो मांडीवर डालड्याच्या डब्यात हे वीतभर रोप घेऊन. कंडक्टर नको नको म्हणत असताना त्याने रोपाचं हाफ तिकीट काढलं होतं. हे तो स्वतःच सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, लोक आंघोळ विसरले. काका सायकलला हंडे बांधून कुठून कुठून पाणी आणायचा आणि ते माडाखाली उभं राहून अंगावर घ्यायचा. माणसं तहानेली असताना हे काय थेर, असं मी त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, एकाच पाण्यात दोघांचं भागतं. खरंच, कपडे धुतलेलं पाणीसुद्धा तिथेच जायचं.

दुष्काळ सरल्यावर एका उन्हाळ्यात माड फुलला. शेंड्याजवळून एक घोस लोंबू लागला, बाईने न्हाऊन केस सोडावेत तसा. गल्लीत कौतुक झालं, माझ्या बायकोने काकाकडे पेढे मागितले. त्या दिवशी काकाने मला पाय धुवायला न लावताच चहा दिला.

मग त्यानेच सांगितलं. हे झाड एकदाच बहरतं. पहिला घोस शेंड्याला, मग त्याच्या खाली दुसरा, मग आणखी खाली. सगळ्यात खालचा पिकला की झाड मेलं.

"मंग तोडून टाकू ना घोस," मी म्हणालो. "शिडी आनतो."

काकाने वर घोसाकडे पाहिलं. "वाचलं तर वाचलंबी, बापू. पन रुक्मालेबी नर्सबाई म्हने, लेकरू नको, तुह्या जिवाले झेपनार नाई. मी नाई म्हनलं असतं तर तिनं आयकलं असतं. ती तर डब्यात हे रोप लावून बसली. म्हने, दोघं संगच मोठे होतीन." त्याने नाक पुसलं. "लेकरूबी गेलं, तीबी गेली. पन तवा मले नाई म्हनता नाई आलं. आता याले कसं म्हनू?"

मी शिडी आणली नाही. हाफ तिकिटावर हसलो होतो, ते आठवून मान वर करवेना.

वर्षागणिक घोस खाली सरकत आला. शेवटचा हाताला लागेल इतका खाली होता; तो पिकला आणि पानं झडली. काकाने दार लावून घेतलं. ओट्यावर कोणी जाईना, आंघोळीच्या भीतीने नाही, त्याच्याशी बोलायचं काय म्हणून.

एका सकाळी मी टॉवेल घेऊन गेलो, सदरा काढला आणि माडाखाली उकिडवा बसलो. "काका, साबन कुठं ठेवला?"

दार उघडायला उशीर लागला. काका बादली घेऊन आला आणि माझ्या डोक्यावर हळूहळू पाणी ओतू लागला. माझ्या अंगावरून ते वाळल्या बुडाशी जात होतं. बादली रिकामी झाली तसा तो दुसरी भरायला वळला.

"बस," म्हणाला. "च्या काई पयून नाई राह्यला."