मास्तरांचं वाढलेलं वजन

"पुढच्या मंगळवारपर्यंत अर्धा किलो तरी वाढलं पाहिजे, काका. नाहीतर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल," आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तेव्हा टेलरमास्तरांचा हात आपोआप नाकाकडे गेला.

केमोची तिसरी फेरी झाली होती आणि मास्तरांचं सहा किलो वजन कुठल्या कुठे गेलं होतं. जन्मभर गिऱ्हाइकांच्या पँटी कमरेत सैल करून देणारा हा माणूस आता दर आठवड्याला स्वतःचीच पँट आत घेत होता. तोंडात घातलेला प्रत्येक घास सुयांच्या डबीत घोळवून काढल्यासारखा लागायचा. बायको वाटी घेऊन मागे मागे फिरायची. "अहो, दोनच चमचे!" मास्तर दोन चमचे घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, आणि मग स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच आपटायची.

सोमवार उजाडला तरी काटा जागचा हलेना. तेव्हा मास्तरांनी आपल्या कलेला हात घातला. जुन्या कोटाच्या अस्तरात चार चोरखिसे शिवले, टाका दिसेल तर शपथ! कापड बेतताना दाबून ठेवायची लोखंडी वजनं त्यांत सोडली. एकाने भागलं असतं, पण नळी आठवली की हात आवरेना.

मंगळवारी काट्याने तीन किलोची वाढ दाखवली. बाई टाळ्या वाजवतील असं मास्तरांना वाटलं होतं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"आठवड्यात तीन किलो? काका, अंगात पाणी साठलंय!"

डॉक्टर धावत आले. त्यांनी घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. "सूज दिसत नाही, पण धोका नको. आजच भरती करू. कोट काढा, छाती तपासतो."

"थंडी वाजतेय."

"अहो, आत्ताच पंखा लावायला सांगितलात ना!" बायको रडवेल्या आवाजात म्हणाली आणि तिनेच बाही ओढली. कोट निसटला. फरशीवर असा काही दणका बसला की बाहेरची नर्स आत डोकावली.

"पाणी एवढं वाजत नाही," डॉक्टर म्हणाले आणि हसू लपवत निघून गेले.

बायकोने कपाळाला हात लावला. "नळीला एवढे घाबरलात?"

"नळीला पण. पण तू एवढं राबून करतेस आणि मला सगळं लोखंडासारखं लागतं. तुला सांगू कसं?"

"मला तरी सांगायचं, काका!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही वजन विचारलंत. चव कुठे विचारलीत?"

बाई ओशाळल्या. खुर्ची ओढून त्यांनी पहिल्यापासून समजावलं: खाण्याआधी चूळ भरा, स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा घ्या, गरम नकोसं वाटलं तर गार खा, दर दोन तासांनी थोडंच. सांगता सांगता त्यांची नजर काकूंच्या कपड्यांवर गेली. "काकू, हे सगळं तुम्हालाही सैल होतंय का?"

"यांच्या पोटात काही नसताना माझ्या घशाखाली काय उतरणार?"

काट्यावर काकू पूर्वीपेक्षा साडेचार किलो कमी भरल्या. गिऱ्हाइकाचं माप नजरेने सांगणाऱ्या मास्तरांनी मान खाली घातली. घरातलं माप त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

दोघांना दोन तक्ते मिळाले. आठवडाभर दर दोन तासांनी मास्तर चमचा हातात धरून बसायचे आणि म्हणायचे, "आधी तू." गार सूप त्यांच्या घशाखाली उतरू लागलं. एका दुपारी उकडलेलं अंडं चक्क अंड्यासारखं लागलं, तर त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून ते सांगितलं.

पुढच्या मंगळवारी मास्तर नुसत्या शर्टात काट्यावर चढले. सहाशे ग्रॅम वाढ! नळी टळली. मग काकू पुढे झाल्या.

"काकू, पर्स खाली ठेवा."

"राहू दे हो, त्यात रुमालच आहे."

बाईंनी पर्स काढून घेतली. ती धरायला त्यांना दोन्ही हात लागले.

"किती घातलंस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"दोन किलो," काकू पुटपुटल्या.

मास्तरांनी जाणकारासारखी मान हलवली. "जास्त झालं. अर्ध्याच्या वर जायचं नसतं."