चहा न पिणाऱ्या राधाकाकू

राधाकाकूंनी जन्मात चहाला तोंड लावलं नव्हतं, आणि आमच्या अख्ख्या गल्लीला चहाची चटक लावली ती त्यांनीच!

सोलापुरात तेव्हा चहाच्या पुड्यांत कुपनं निघायची. पुरेशी जमली की चावीचं घड्याळ बक्षीस. काकूंनी ते दुकानात मांडलेलं पाहिलं आणि बाईंनी ध्यासच घेतला. रोज सकाळी दारात हजर. "शांते, पुडा फोडलास का गं? कुपन चुलीत नाही ना घातलंस?"

"काकू, तुम्हाला घड्याळ कशाला? गिरणीचा भोंगा आहे की फुकटचा," मी म्हणायची.

"फुकटचं नकोच गं बाई मला. पण हक्काचं का म्हणून सोडायचं?" हे त्यांचं पालुपद.

आमच्या सासूबाई आधी नाक मुरडायच्या. सकाळच्या पारी विधवेनं उंबऱ्याशी उभं राहायचं म्हणजे काय! पण काकूंचा सौदा होता. आपण कुपन द्यायचं, आणि आपल्याच पैशांत त्या बाजारातून दुप्पट माळवं आणून देणार. मेथीच्या जुड्या दिसल्या की सासूबाईंचा अपशकुन कुठल्या कुठे पळायचा.

आणि काय तो बाजार करणं! मंगळवारी दिवेलागणीला, बायका पाट्या उचलायच्या बेतात असताना काकू शिरायच्या. भाव विचारायच्याच नाहीत. पाटीशेजारी बसून विकणारीच्या सुनेची, म्हशीची चौकशी करायच्या आणि उठताना हळूच म्हणायच्या, "एवढी मेथी परत डोक्यावरून नेणार होय गं?"

"न्या की आज्जी! द्या काय द्यायचं ते. लई गोड बोलता बाई तुमी," म्हणत ती पाटीच पालथी करायची. शेंगा घेताना मापाला असा ठोका मारायच्या की आणखी मूठभर आत बसायच्या. मी तर हातच जोडले. शिकायला म्हणून बरोबर गेले, तर शेंगावाल्यानं मला किडक्याच बांधून दिल्या.

मग एक दिवस दुकानदार म्हणाला, महिनाअखेरीला कुपनं बंद. काकूंची अजून थोडी कमी पडत होती. झालं! गल्लीत एकच धांदल. जो तो चहा ढोसतोय. आमचे हे तर रात्रभर टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडायचे. चहाला विष म्हणणारे शास्त्रीबुवा, पण काकूंनी त्यांनासुद्धा सोडलं नाही. "बुवा, काढा समजून घ्या." शेवटचं कुपन निघालं ते बुवांच्याच घरी.

घड्याळ आलं तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली. तेवढ्यात भोंगा झाला. काकूंनी काट्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भोंगा मागं पडलाय." काय तो रुबाब!

आणि त्यानंतर काकू दिसेनाशाच झाल्या. मंगळवारही कोरडा गेला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जा गं, बघून ये. बरंबिरं नाही की काय त्यांना?"

काकू ठणठणीत होत्या. पदरानं घड्याळ पुसत बसल्या होत्या. मी तडकलेच. "वा काकू! घड्याळ मिळालं, आता आमची गरज सरली वाटतं?"

त्यांचा हात थांबला. "तसं नव्हे गं. कुपन होतं तोवर देणंघेणं होतं. आता काय निमित्त सांगून येऊ? माझ्यासारखीनं सकाळी सकाळी कुणाच्या दारात उभं राहायचं, ते का उगाच?"

साऱ्या बाजाराला नमवणारी ही बाई आमच्या उंबऱ्याला भीत होती, आणि मला वाटत होतं, हिला घड्याळाचा हव्यास!

हाताला धरून मी त्यांना घरी आणलं. सासूबाई चुलीपुढे होत्या. माझ्याकडून सगळं ऐकलं. मग स्वतः उठून पाट मांडला आणि चहाची कपबशी काकूंच्या पुढ्यात सरकवली.

"घ्या. हक्काचा आहे."

काकूंनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला आणि कितीतरी वेळ डोळे मिटूनच बसल्या. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या,

"साखर फार पडलीय गं शांते. उद्या निम्मीच घाल."