नंदाताईंची लिमिट

बजेटच्या दिवशी आमच्या इमारतीत सगळे टॅक्स किती कमी झाला ते ऐकायला टीव्हीपुढे बसतात. तळमजल्यावरच्या नंदाताई मात्र गळ्यात टेप घालून आमच्या दारात उभ्या राहतात आणि एकच विचारतात, "भावोजी, आमची लिमिट वाढवली का?"

नंदाताई ब्लाउज शिवतात. मूळच्या रत्नागिरीकडच्या, मीरा रोडला येऊन तीस वर्षं झाली. लिमिट म्हणजे त्यांच्या पीपीएफची. मी नोकरदार, माझा फंड ऑफिसच कापतं. त्यांच्या शेठ त्याच आणि कारागीरही त्याच, तेव्हा म्हातारपणाची सोयही त्यांची त्यांनीच करायची. त्या खात्यात वर्षाला दीड लाखाच्या वर भरता येत नाहीत. बाई बरोब्बर दीड लाख भरतात, एक रुपया कमी नाही.

एप्रिल उजाडला की त्यांचं मशीन धडधडायला लागतं. पाच तारखेच्या आत भरलं की त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून पाच तारीख त्या संकष्टीसारखी पाळतात. कोणी घासाघीस करू लागलं की, "नहीं भाभी, मेरा लिमिट बाकी है." भाभीला वाटतं हा काहीतरी कडक नवस असावा. ती मुकाट्याने पैसे देते.

माझ्या फंडाबद्दल त्यांना भारी कुतूहल. एकदा म्हणाल्या, "तुमचे पैसे कापताना तुम्हाला विचारतात?"

"नाही."

"आणि एखाद्या महिन्यात तुम्ही ऑफिसला गेलातच नाही तर?"

"फोनवर फोन येतील."

"म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून असतं," म्हणाल्या आणि खाली बघून हूक लावू लागल्या.

यंदा लग्नसराई जोरात होती. डिसेंबरातच लिमिट भरली, आणि बाईंची मानही गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि मशीनवर कमी बसा म्हणून बजावलं. बाई पट्ट्यावरून टेप घालून हिंडू लागल्या. पण जानेवारी लागला तसं त्यांचं दुकान उशिरा, अकराला उघडू लागलं. कधीही बघावं तर बाई मशीनला तेल घालताहेत. एवढं तेल त्या मशीनने जन्मात प्यायलं नसेल.

परवा बजेट झालं. बाई आल्या. "नाही वाढवली," म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की मला राहवेना. बाईंची काहीतरी गैरसमजूत झालीये अशी माझी खात्री होती, आणि लोकांच्या गैरसमजुती दूर करायची मला हौस आहे.

"ताई, दीड लाख म्हणजे जास्तीत जास्त. भरलेच पाहिजेत असं नाही. वर्षाला पाचशे भरले तरी खातं चालू राहतं. कशाला मानेचे हाल करून घेता?"

बाई हसल्या. "माहितीये हो. खातं उघडलं तेव्हाच बँकेतल्या मुलीने सांगितलेलं."

"मग?"

"हे होते तेव्हा यांच्या डब्याची घाई असायची. मग मुलाची शाळा. आता तो तिकडे कॅनडात. सकाळी उठून मी करू काय? लिमिट भरायचीय म्हटलं की उठायला होतं. तेवढी एकच माझी वाट बघते, भावोजी. ती पण डिसेंबरात संपली."

एवढं बोलून त्या जिना उतरून गेल्या. मला स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली. आतून माझी बायको, माधवी, सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपाटातले चार ब्लाउजपीस घेऊन खाली निघाली. मीही मागोमाग गेलो. आमच्या घरात लग्न नाही की मुंज नाही.

"ताई, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत हवेत," माधवी म्हणाली. "पण दिवसाला एक बाही. त्याच्यावर शिवायचं नाही, लिमिट आहे. मी रोज चारला चहा घेऊन येईन, किती झालं ते बघायला."

नंदाताई एकदा कापडाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. मग गळ्यातला टेप काढून म्हणाल्या, "उभी राहा बघू सरळ."

माधवीचं माप वीस वर्षांपासून त्यांच्या वहीत आहे. तरी बाईंनी ते पुन्हा घेतलं, अगदी सावकाश.