सरईच्या जागी साग

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी अंगणातली माती उचलतात, मग बसतात. चिमूटभर मातीत पाण्याचे थेंब टाकायचे, तळहातावर चोळायची आणि तिची शेवई वळायची. शेवई लांब निघाली तर माती चिकट, तुटली तर रेताड. मग निकाल. तो कुणी मागितलेला नसतो.

पहिला निकाल लागला आमच्याच घरी, नागपूरला, लग्न ठरवायच्या बैठकीत. मुलीचा बाप म्हणून ते जबलपूरहून आले होते. आईनं पाण्याचा पेला पुढे केला. तो घेऊन ते तसेच अंगणात उतरले आणि काळे हात घेऊन परत आले. वडिलांनी जिवापाड जपलेल्या पेरूकडे बोट करून म्हणाले, "हे झाड मरते, साहेब. मुळं सडून राहिली त्याची."

बैठक गार पडली. ते गेल्यावर आई म्हणाली, "पोरगी गुणाची आहे. बाप येडा आहे. पण बापाले थोडीच घरी आणायचं आहे?"

असं माझं लग्न झालं.

पेरू मेला नाही. उलट लगडायला लागला. आई दरवर्षी आठवणीनं पिशवीभर पेरू माझ्याबरोबर जबलपूरला पाठवायची. मामाजी, म्हणजे सासरे, पिशवी दिसली की कानापर्यंत लाल व्हायचे. एक पेरू मान खाली घालून संपवायचे आणि पुटपुटायचे, "खाली मुरूम असन. पाणी निथरत असन. चुकलं माझं." सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचो.

एकदा जबलपूरच्या सदर भागात माझ्या बायकोच्या, सुमित्राच्या, मावसबहिणीचं लग्न होतं. मांडवासाठी खड्डे खणले होते. कोट घातलेले मामाजी एका खड्ड्याशी उकिडवे बसून शेवया वळायला लागले. मांडववाल्याला वाटलं, आपलाच माणूस. "ऐ भैया, बैठे क्या हो? ठोको!" म्हणत त्यानं घण हातात दिला. मामाजींनी खांब ठोकला. छान ठोकला. नवऱ्या मुलाच्या काकांनी मला विचारलं, "ये कौन हैं जी?" सुमित्रा जमिनीकडे बघायला लागली. मी घड्याळाला किल्ली द्यायला लागलो. शेवटी मामाजीच घाम पुसत म्हणाले, "ससुर हूँ इनका. शरमाते हैं."

ते जंगलखात्यात होते. राज्यांची नव्यानं वाटणी झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेलं, जबलपूर दुसऱ्या. नोकरीतली माणसंही वाटली गेली. मामाजी तेव्हा अगदी तरुण. ते जबलपूरला गेले, दोन्ही भाऊ नागपूरलाच राहिले. एवढं मला ठाऊक होतं. मातीच्या शेवयांचं कारण मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्याच्या शेवटी मी जबलपूरला होतो. सकाळी म्हणाले, "चला जावईबापू, मंडल्याच्या रस्त्यानं जाऊन येऊ." हातात पोतं होतं. त्यात पंखवाल्या, भुरक्या बिया.

"सरईचं, म्हणजे सालवृक्षाचं बी आहे," ते बसमध्ये म्हणाले. "लई नाजूक. झाडावरून पडलं का आठवड्यात माती पाहिजे त्याले. नाही तर गेलं."

बसमधून उतरून आम्ही बरंच चाललो. मग सागाचं रोपवन लागलं. सरळ रांगा, पण झाडं मनगटाएवढी, वाकडी, शेंडे वाळलेले. मधल्या जागेत रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं माजलेली.

"हे काहून असं?" मी विचारलं.

त्यांनी माती उचलली नाही. हात मागे बांधून उभे राहिले.

"इथं सरई होती. दोघांच्या कवेत न येणारी. मीच सायबाले म्हटलं, तोडा, साग लावू. सायेब म्हणे, माती पाहिली का? मी म्हटलं, पाहिली." त्यांनी चपलेच्या टोकानं माती उकरली. "नव्हती पाहिली. रेताड आहे ही. सागाले चुना लागते मातीत, इथं चुना कुठं? साग वाढला नाही. सरई गेली ते गेली. रोप येते, उघड्यावर थंडीनं जळते, खालचं मूळ तेवढं जगते. पुन्हा फुटते, पुन्हा जळते. वर्षानुवर्षं असंच."

"पण साग काहून पाहिजे होता तुमाले?"

त्यांनी एका वाळक्या शेंड्याकडे बघितलं.

"नवीन आलो होतो. इथं बोलाले कोणी नव्हतं. तिकडं आमच्या घरामागं सागाचं रान होतं. हवा सुटली का पानं वाजत. वाटलं, इथं बी वाजतील."

तेवढ्यात समोरून एक म्हातारी आली. डोक्यावर पानांचा भारा. मामाजी एकदम एका सागाआड सरकले. सागाआड त्यांचा एक खांदासुद्धा मावेना.

"बाबूजी, दिख रहे हो," म्हातारी म्हणाली. "हर साल छुपते हो."

मामाजी बाहेर आले. नजर पायांवर. "अम्मा, पत्ता लेने कहाँ तक गई थीं?"

"नाले के उस पार. सरई तो अब उधरइ है. दोना-पत्तल तो बनानाइ है."

द्रोण-पत्रावळीची ही पानं पूर्वी तिला दारातच मिळत. ती तसं म्हणाली नाही. पोत्याकडे बघून एवढंच म्हणाली, "इस बार जल्दी आ गए. अच्छा किया."

मामाजींनी पोतं माझ्याकडे दिलं. म्हातारी नको नको म्हणत असताना तिच्या डोक्यावरचा भारा उतरवला, आपल्या डोक्यावर घेतला आणि तिच्या गावाच्या वाटेला लागले. मान अजून खालीच होती. भारा पुढे कलला, दोन-चार पानं गळून पडली.

म्हातारीनं ती वेचली आणि मागून ओरडली, "गर्दन सीधी रखो, बाबूजी! सब गिरा दोगे."

मामाजींनी मान सरळ केली.