पेंबरसाहेबांचे सहा सेकंद

कोणत्याही नटाची खरी थोरवी त्याच्या स्वतःच्या देशात कळत नाही. ज्या गावाचं नाव त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही, त्या गावात त्याच्या नावाचं मंडळ किती शिस्तीनं चालतं, यावरून ती ठरते. या कसोटीला ब्रिटिश नट एल्विन पेंबर हे जगातल्या पहिल्या पाच-सहांत सहज बसतात. आष्टा इथं (तालुका वाळवा) 'एल्विन पेंबर प्रेक्षक व श्रोता मंडळ' गेली नऊ वर्षं अव्याहत चालू आहे. सभासद अकरा. मासिक सभा दर दुसऱ्या रविवारी, कोरम पाचाचा. कोरमअभावी सभा एकदाही तहकूब झालेली नाही. गावातल्या इतर संस्थांना हे म्हणता येणार नाही (नावं घेण्याचं इथं प्रयोजन नाही).

मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष लालासाहेब हे निवृत्त सुभेदार. लष्कराच्या सिग्नल विभागात अठ्ठावीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून काढली. खरखरीतून माणसाचा आवाज नेमका वेगळा काढणं हेच त्यांचं काम. पेन्शनीत आल्यावर गुडघा धड चालायचा नाही आणि कान रिकामा बसायला तयार नाही, अशी पंचाईत झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते लष्करी दवाखान्यात पडून असताना शेजारच्या खाटेवरच्या मेजरनं मोबाइलवर एक इंग्रजी श्रुतिका लावून दिली. समुद्रातल्या खडकावर एक म्हातारा दीपस्तंभाचा दिवा सांभाळत एकटा राहतो, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचा आवाज पेंबरसाहेबांचा. लालासाहेब आष्ट्याला परतले ते गुडघा आणि कान, दोन्ही मार्गी लावून.

इथं पेंबरसाहेबांच्या कार्याची माहिती देणं भाग आहे. मंडळाच्या ताज्या गणनेनुसार ते एकतीस इंग्रजी मालिकांत दिसले. बहुतेक ठिकाणी पाद्री, फॅमिली डॉक्टर, किंवा पहिल्या वीस मिनिटांत खून होणारे सज्जन गृहस्थ. पडद्यावर एकूण हजेरी सहा तास बारा मिनिटं. पैकी एक तास पाच मिनिटं प्रेत म्हणून. (प्रेताचा वेळ अभिनयात धरावा का, यावर तीन सभा झाल्या. 'श्वास रोखून धरणे हाही अभिनयच होय' असा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. एक सभासद तटस्थ.) ध्वनिपुस्तकं आणि श्रुतिका मिळून मात्र दोनशे चौदा तास. त्यामुळं मंडळात आपोआप दोन विभाग पडले. दृश्य विभागाचा प्रमुख वर्धमान, याचं खत-औषधांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर मोबाइल डब्याला टेकवून तो पेंबरसाहेबांचा खून बघे. श्राव्य विभाग आकारामकडं. साखर कारखान्याच्या यार्डात आपल्या उसाच्या ट्रॉलीचा नंबर लागेपर्यंत आकारामची एक अख्खी कादंबरी ऐकून होई. हंगाम लांबला की त्याचा अभ्यास वाढे. चिटणीस रूपाली, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत. अवघड उच्चार फोडून सांगणं आणि इतिवृत्त लिहिणं त्यांच्याकडं.

सभा लालासाहेबांच्या घराच्या पुढच्या सोप्यात भरे. चहा रंगूबाई आणत. त्या अध्यक्षांच्या पत्नी, पण मंडळाच्या सभासद नव्हत्या. इंग्रजी येत नसल्यानं त्यांनी अर्ज केला नाही, आणि करा म्हणून कुणी म्हटलं नाही.

यंदा पेंबरसाहेबांना मायक्रोफोनपुढं उभं राहून पन्नास वर्षं झाली. त्यांची ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की जगभरातल्या निवडक श्रोतृमंडळांशी ते व्हिडिओवर बोलतील. प्रत्येक मंडळाला चार मिनिटं, प्रश्न एक. रूपालींनी अर्ज पाठवला आणि आष्ट्याची निवड झाली. ही बातमी कळली तेव्हा वर्धमाननं दुकान पंधरा मिनिटं बंद ठेवलं. (यापूर्वी ते फक्त पुराच्या वेळी बंद होतं.)

प्रश्न कोणता विचारायचा, यासाठी उपसमिती नेमली. त्रेचाळीस प्रश्न आले. तब्येत कशी आहे, हा प्रश्न 'फार घरगुती' म्हणून बाद झाला. अखेर अध्यक्षांचाच प्रश्न राहिला, कारण तो नऊ वर्षं मुरलेला होता. त्या दिव्याच्या श्रुतिकेत अकराव्या भागात, बेचाळिसाव्या मिनिटाला, म्हाताऱ्याला त्याची मुलगी विचारते, "बाबा, घरी येताय ना?" आणि पेंबरसाहेब सहा सेकंद काहीच बोलत नाहीत. त्यानंतर "नाही" म्हणतात. लालासाहेबांनी ते सहा सेकंद किमान चारशे वेळा ऐकले होते. त्यांच्या मते त्यात दुःख होतं. आकारामच्या मते अपराधीपणा.

"आवं सुभेदारसाब, कागुद उलटत असंल त्यो," वर्धमान एकदा म्हणाला. "वाचूनच म्हणत्यात की ह्ये समदं."

वर्धमानला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली. त्यानं लेखी दिलगिरी दिली, तेव्हा प्रकरण मिटलं.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सोप्यात सतरंजी घातली. भिंतीवर पडदा, कॉलेजातून आणलेला प्रोजेक्टर, लालासाहेबांच्या अंगावर पदकांसकट कोट. बरोबर साडेसातला पडद्यावर पेंबरसाहेब उमटले. अंगात विटलेला स्वेटर, मागं पुस्तकं, मांडीवर मांजर. अकराजण ताडकन उठून उभे राहिले. साहेबही बिचारे अर्धवट उठले, मांजर पडलं.

लालासाहेबांनी प्रश्न वाचला. चौदा वेळा सुधारलेला मसुदा, त्यामुळं दीड मिनिट लागलं. रंगूबाई चहाचा ट्रे घेऊन मागं आल्या होत्या; रूपालींनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि साहेब जे बोलतील ते हळूहळू मराठीत सांगायची तयारी ठेवली.

पेंबरसाहेब हसले. म्हणाले, "तुम्ही ते मोजलंत? पण मला तर ती श्रुतिका नीट आठवतही नाही." ते पुढं म्हणाले, "ते सहा सेकंद मात्र आठवतात. त्या वर्षी माझा डावा कान गेला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं, काम जाईल म्हणून. ती नटी माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिचं वाक्य संपलं, हे मला कळलंच नाही. शेवटी कुणीतरी स्टुडिओच्या काचेवर टकटक केलं. समोरच्यांना वाटलं, काय हा अभिनय! फक्त माझ्या बायकोनं ओळखलं. ती म्हणाली, तू हल्ली डावीकडून बोललं की उत्तर देत नाहीस."

रूपालींचं भाषांतर संपलं, तशा रंगूबाई सहज म्हणाल्या, "माजंबी तसंच हाय की. डाव्या कानानं दोन वर्सं झाली, कायबी ऐकू येत न्हाई, उजव्यानं बी कमीच."

लालासाहेब मागं वळून बघत राहिले. पडद्यावरच्या साहेबांकडं त्यांची पाठ झाली, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. दोन वर्सं."

"मला बोलली न्हाईस?"

"बोललो हुतो. तुमच्या कानात त्ये हुतं," रंगूबाई म्हणाल्या आणि पडद्याकडं बोट केलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पंपाची मोटर जळाली, अशा सुरात त्यांनी ते सांगितलं.

लालासाहेबांना काही बोलता येईना. (चिटणिसांच्या नोंदीनुसार नऊ सेकंद.) कंपनीच्या लंडनच्या लोकांना वाटलं, आष्ट्याची लाइन अडकली. त्यांनी आभार मानून पुढचं मंडळ घेतलं.

पुढच्या सोमवारी दोघं सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कोणता आवाज यायचा बंद झाला? दाराची बेल, कुकरची शिट्टी, माणसांचं बोलणं?" लालासाहेबांना सांगता आलं नाही. पेंबरसाहेबांना कोणत्या पुस्तकाच्या कितव्या प्रकरणापासून सर्दी झाली होती, ते त्यांनी लगेच सांगितलं असतं. डॉक्टरांनी ते विचारलं नाही. काचेच्या खोलीत रंगूबाई बसल्या, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून लालासाहेब त्यांचा अंगठा बघत उभे होते. कितीतरी वेळ तो अंगठा हालायचा नाही. अठ्ठावीस वर्षांत इतकी कोरी फ्रिक्वेन्सी आपण कधी बघितली नाही, असं त्यांना वाटलं.

कानाचं मशीन मिळालं. पहिले दोन दिवस रंगूबाई घरभर चकित होऊन हिंडल्या. फ्रिज बोलतो, हे त्यांना नव्यानं कळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मुलीची बातमी सांगितली, "आवं, शिवांजलीचा फोन आलाता. दिवाळीला येत्याय म्हनली. पोरांस्नी घेऊन."

"हं," लालासाहेब म्हणाले. कानात काही नव्हतं, सवयीनं म्हणाले.

रंगूबाईंचा घास हातातच राहिला.

"म्हंजे तुमी नुसतं 'हं' म्हनत हुतासा व्हय?" त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, तुमी कायतरी लांबलचक बोलताय, आन् मलाच मेलीला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं म्या म्हनलं, किती बोलत असतील बिचारे!"

लालासाहेबांनी ताट बाजूला सारलं. मग पुन्हा जवळ ओढलं, आणि म्हणाले, "शिवांजली काय म्हनली? पयल्यापास्नं सांग."

रंगूबाईंनी पहिल्यापासून सांगितलं. पाऊण तास लागला. मध्ये एकदा लालासाहेबांनी त्यांना थांबवून एक वाक्य परत म्हणायला लावलं.

पुढच्या सभेत दोन ठराव झाले. पहिला: सहा सेकंदांबाबत श्री. पेंबर यांनी केलेला खुलासा 'सभासदेतर व्यक्तीचे मत' म्हणून दप्तरी दाखल करावा. त्यांचा या विषयाचा अभ्यास अपुरा असून मंडळाची दोन्ही मतं कायम आहेत. (एकमतानं.) दुसरा अध्यक्षांनी मांडला: प्रत्येक सभासदानं महिनाभरात घरच्या माणसाचं एक पूर्ण वाक्य ऐकून ते सभेत जसंच्या तसं सांगावं.

"पूर्न म्हंजे किती शब्दांचं?" वर्धमाननं विचारलं. उपसमिती नेमण्यात आली.

पहिल्या महिन्याचा अहवाल असा: सभासद अकरा, प्राप्त वाक्यं चार. पैकी दोन 'जेवण झाकून ठेवलंय' हीच असल्यानं ती मिळून एक धरण्यात आली. आकारामनं घरी फोन करून वाक्य मागवलं. ते लिहून घेतलेलं असल्यानं बाद. वर्धमानची बायको काहीतरी म्हणाली होती, याला साक्षीदार आहेत, पण काय म्हणाली ते वर्धमानला प्रमाणित करता आलं नाही. त्याला मुदतवाढ मिळाली.

सुशिक्षित वाचकाला या मंडळींचं हसू येणं साहजिक आहे. हे इथवर वाचायला आपल्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढ्यात घरातलं कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारून गेलं, आणि आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. आता ते माणूस त्या 'हं'च्या भरवशावर कामाला लागलंय. काय विचारलं होतं, ते एकदा जाऊन बघा.