एकोणिसाचे आठशे बारा

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझ्या चष्म्याची शप्पथ घेऊन सांगते, आणि चष्मा गेला तर मला समोरचं दारसुद्धा दिसत नाही, तेव्हा ही शप्पथ साधी समजू नका. ज्याला खोटं वाटेल त्याने आत्ताच उठून जावं. मागाहून "आजी, काहीतरीच काय!" म्हणायचं नाही.

आमची सून शिक्षण कार्यालयात कारकून आहे. जिल्ह्यातल्या एकशे चाळीस शाळांची पटसंख्या, म्हणजे कुठल्या शाळेत किती पोरं, ते सगळं तिच्या संगणकात. तिच्या त्या आकड्यावरून ठरतं की कुठे किती शिक्षक द्यायचे, किती बाकं, किती अनुदान. आणि ज्या शाळेत विसापेक्षा कमी पोरं, ती शाळा बंद. आकड्यांच्या बाबतीत आमची सून म्हणजे देवमाणूस. घरी चार पोळ्या उरल्या तर चारच सांगणार, आणि पाचवी कोणी खाल्ली तेही.

तर एक दिवस टेकडीवरच्या शाळेच्या बाई तिच्या टेबलासमोर येऊन बसल्या. दोन खोल्यांची शाळा, आणि शिकवायला या एकट्या बाई. सुनेला त्यांनीच कधीकाळी पहिलीत बाराखडी शिकवलेली.

"अगं, यंदा एकोणीसच झाले गं," बाई म्हणाल्या. "एक घर गाव सोडून गेलं."

"हो बाई, पाहिलं मी."

"मग वीस कर ना. एकाने काय आभाळ कोसळतंय? माझी पोरं खालच्या शाळेत कशी जातील? दोन तास चढ-उतार आहे."

सून म्हणाली, "बाई, तुम्हीच शिकवलंय ना, नसलेलं लिहायचं नाही म्हणून. मी एक पोर खोटं नाही लिहिणार."

बाई उठल्या, पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाल्या, "शिकवलं ते तूच तेवढं लक्षात ठेवलंस बघ, नेमकं."

त्या दिवशी घरी येऊन पोरगी जेवली नाही. मी म्हटलं, "अगं, एक पोर लिहायचं होतंस, मी आले असते दप्तर घेऊन." तरी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी मागितली. हे साहेब म्हणजे स्वभावाने लोणी, पण त्यांना यादी शाळांच्या क्रमांकाने चालत नाही, नावाप्रमाणे अ, आ, इ, ई अशीच लागते. सही न वाचता करतात, पण क्रम बघतात. सुनेचं डोकं ठिकाणावर नव्हतंच. तिने नावांचा रकाना धरला आणि अक्षरवार लाव म्हणून संगणकाला सांगितलं. संगणकाने विचारलं, बाजूचे रकानेही बरोबर हलवू का? ती मनात म्हणाली, बाजूच्यांना कशाला उगाच हलवायचं, आणि "नाही" वर बोट ठेवलं.

झालं! नावं सगळी उठून आपापल्या अक्षराला जाऊन बसली, आणि आकडे होते तिथेच राहिले. एकशे चाळीस शाळांना एकमेकींची पोरं! साहेबांनी क्रम बघितला, खूश झाले, सही ठोकली.

बहुतेक शाळांच्या हे लक्षातच आलं नाही. कोणाला तीन पंखे जास्त आले, त्यांनी गुपचूप लावून टाकले. कोणाला दोन पंखे कमी आले, ते म्हणाले, दरवर्षीचंच आहे. पण बाजारातली सगळ्यांत मोठी शाळा, पोरं आठशे बारा, तिच्या नावापुढे आले एकोणीस. आणि आठशे बारा कुठे गेले? टेकडीवर!

म्हणजे बघा हं. एक खोटं पोर लिहायला जिचा हात धजावला नाही, तिने एका बोटाने सातशे त्र्याण्णव लिहिली.

वरच्या कार्यालयाने हिशोब केला. एकोणीस पोरांना सत्तावीस शिक्षक कशाला? पाठवा टेकडीवर. बाजारातली शाळा महिनाअखेर बंद. आणि टेकडीवर दोनशे बाकं.

बाजारातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सगळे भोंगासर म्हणतात, आवाज तसाच आहे. त्यांनी पंधरा दिवस पत्रं लिहिली. ती साहेबांच्या टेबलावर अक्षरवार लागत गेली. तोवर शाळेत मास्तर म्हणून ते एकटे! त्यांनी आठशे बारा पोरं मैदानात बसवली आणि एकट्याने पाढे घेतले. तीन गल्ल्या पलीकडच्या म्हाताऱ्यांचे एकोणतीसपर्यंत पाढे पाठ झाले म्हणे. शेवटी सर स्वतःच कार्यालयात आले.

"मॅडम!" खिडक्यांच्या काचा हलल्या. "माझ्याकडे एकोणीस पोरं? मग बाकीची काय भुतं आहेत का? मला विचारा, भुतं एवढा दंगा करत नाहीत!"

सुनेने कागद पाहिला. मग संगणक पाहिला. मग उठली.

साहेबांकडे गेली. "साहेब, चूक माझी आहे. आकडे हलले."

साहेबांनी चष्मा काढला. "दुरुस्तीच्या अर्जात कारण लिहावं लागतं, मॅडम. पूर, आग, स्थलांतर."

"कारण चूक आहे."

"चूक कारणांच्या यादीत नाही हो." साहेब कळवळून म्हणाले. "फार तर 'इतर' लिहा. पण मग पटतपासणी लागते, वरच्या कार्यालयातून बाई येतात आणि डोकी मोजतात. असं करा ना, भोंग्याचे आठशे बारा दुरुस्त करू, टेकडीचं राहू द्या."

"बेरीज जुळणार नाही, साहेब. तीच पोरं दोनदा मोजली जातील."

"तेही खरंच."

आता तिच्या जिवाला काय वाटलं असेल सांगा. खरं बोलली तर टेकडीवर डोकी मोजणार, डोकी एकोणीस, शाळेला कुलूप. गप्प बसली तर भोंगासरांची शाळा जाणार. तिने अर्ज लिहिला. कारणाच्या जागी "इतर", आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात "मी चुकले".

तपासणीच्या बाई आल्या. बारीक, करड्या, हातात मोजायचं यंत्र, टिक् टिक् वाजणारं. सून त्यांच्याबरोबर टेकडी चढली.

वर पोचल्या तर काय! दोनशे बाकं दोन खोल्यांत मावतात होय? अंगणात एकावर एक रचून पोरांनी गलबत केलं होतं, त्याच्या शिडाजवळ भूगोलाचे सर उभे राहून समुद्र शिकवत होते. झाडाखाली, पायरीवर, पाण्याच्या टाकीमागे, जिकडे बघावं तिकडे शिक्षक. एखाद्या पोराला शिंक आली तर चौघे रुमाल काढत.

तपासणीच्या बाईंनी एका चिमुरडीला विचारलं, "तुला कोण शिकवतं गं?"

"मला तीन जण आहेत," ती बोटं मोजत म्हणाली. "एक बेरजेच्या मॅडम, एक वजाबाकीच्या, आणि एक हातच्याचे सर. हातच्याचे सर सारखे मध्येच येतात."

"सगळी मुलं ओळीत उभी करा," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

टेकडीवरच्या बाईंनी पोरं उभी केली. सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. टिक्, टिक्, टिक्. सुनेने डोळे मिटून घेतले. सतरा. अठरा. एकोणीस.

टिक्.

सुनेने एक डोळा उघडला.

टिक्. टिक्. यंत्र थांबेचना. तीसवर जाऊन थांबलं.

"तीस," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

"बाई!" सून ओरडलीच. "तुम्ही खोटी पोरं उभी केलीत?"

"खोटी कशी असतील?" टेकडीवरच्या बाई फणकारल्या. "पंधरा दिवस झाले नावं दाखल करून. ही अकरा या मास्तर लोकांची. बदली होऊन वर आले, खाली घरी पोरांना बघणार कोण? आणली बरोबर. आणि आणली तर शाळेत घालायची नाहीत का?"

तपासणीच्या बाईंनी हजेरी पाहिली, दाखले पाहिले. सगळं चोख. "पण शिक्षक परत गेले की ही अकराही जाणार," त्या म्हणाल्या. "वीस ते तीस मुलांना तुम्ही धरून तीन शिक्षक बसतात. म्हणजे यांतले दोघेच राहू शकतात. आणि राहायचं तर स्वखुशीने."

सगळे शिक्षक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, माझी आई खाली आहे. कोणी म्हणालं, माझं घर बांधायला काढलंय. टेकडीवरच्या बाईंचे ओठ हलत होते. एकोणीस अधिक किती, एकोणीस अधिक किती.

मग वजाबाकीच्या मॅडम पुढे आल्या. त्यांची पोरं तीन. "मी खाली रोज नव्वद वह्या तपासत होते," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून मला अक्षरावरून पोर ओळखू यायला लागलंय. मी राहते."

हातच्याच्या सरांना जुळ्या मुली. त्या दोघी गलबताच्या टोकावर चढून बसल्या होत्या आणि काही केल्या उतरायला तयार नव्हत्या. सरांनी दोनदा हाका मारल्या, मग वर बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "लिहा माझंही नाव."

एकोणीस, तीन आणि दोन. चोवीस! टेकडीवरच्या बाई मटकन एका बाकावर बसल्या, आणि त्याच बाकावर शेजारी जागा करून सुनेला म्हणाल्या, "बस इथे. पहिलीत बसायचीस तशी."

बाकीचे पंचवीस शिक्षक दुसऱ्या दिवशी खाली गेले. भोंगासरांना दोन नवीन मिळाले, आणि घसा बसल्यामुळे आठवडाभर त्यांची शाळा इतकी शांत होती की लोक चौकशीला आले.

सून कार्यालयात गेली ती राजीनामा लिहूनच. साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले, कागद घेतला, फाडला आणि म्हणाले, "मॅडम, चूक तुमची एकटीची नाही. मी न वाचता सही केली. मला माफ करा."

बरं, आता शप्पथ घेतलीच आहे तर सांगून टाकते. सत्तावीस शिक्षक खरे, गलबत खरं, पाढे म्हणणारे म्हातारे तर शंभर टक्के खरे. साहेबांची ही माफी तेवढी मी पदरची घातली. त्यांनी राजीनामाही वाचला नव्हता हो. सरळ "मंजूर" लिहून सही करत होते, सुनेने हातातून ओढून घेतला म्हणून नोकरी राहिली.