विहीणबाईंचे लांब श्वास

मी शिवण कोणापाशी शिकले नाही. जुने ब्लाउज उसवायचे, तुकडे पसरून बघायचे आणि नवं कापड बेतायचं, झालं! पण यंदा माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मुलाने फर्मान काढलं, "हात वर गेला नाही तर मशीन विकायचं." मशीन विकायचं म्हणजे मलाच मोडीत काढायचं! म्हणून सुनेने सुचवलेल्या योगोपचाराच्या वर्गाला मी (नाक मुरडत) गेले.

शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची. खांदा दाबून म्हणाली, "आजी, इथे राग साचलाय."

"साचेल कशाला? मी जिथल्या तिथे काढते."

"एखादा राहिला असेल."

राहिला होता. विहिणीचा, म्हणजे सुनेच्या आईचा.

पोरीने सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, पाठीला पाठ लावून बसवलं. "मनातलं बोलून टाका. मागच्यांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त लांब श्वास सोडायचा."

उशिरा आलेली कुणी बाई माझ्या पाठीला टेकली. पाठ चांगली ऐसपैस होती. मी सुटलेच. "माझी विहीण येते पाहुणी म्हणून आणि वागते तपासनिसासारखी! कपाटावरून बोट फिरवून धूळ बघते. घोरते तर अशी, की शेजारचे दार वाजवून जातात!"

मागचे श्वास आधी लांब होते, मग लोहाराच्या भात्यासारखे झाले. परक्या बाईला माझं दुःख इतकं लागावं! मला भरूनच आलं.

"आता मागच्या ताई बोलतील," पोरगी म्हणाली.

"माझ्या विहिणीने मला ब्लाउज शिवून दिला." तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "काखेतला मुंढा इतका तंग, की बसमध्ये वरची दांडी धरता येत नाही! लेकीला टोमणे नकोत म्हणून गप्प बसले. बाई स्वतः तसलेच घालते. तिचा हात कसा वर जाणार?"

मी पट्टी ओढून फेकली. "विहीणबाई, तुम्ही? माझ्या मुंढ्याला नावं ठेवता?"

"उचला ना मग हात! उचला!"

उचलला. खांद्याशी अडकला. पोरीने काखेत बोट घालून बघितलं, पर्समधून कात्री काढली आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत शिवण कापली. हात थेट पंख्याकडे गेला! सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला. मी आ वासून स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. (अंघोळीच्या वेळी हे कसं कळलं नाही, असं विचारू नका. अंघोळ करताना कोणी योग करतं का?)

घरी मी हात वर करूनच शिरले. आपल्या आईलाही त्याच वर्गाला धाडणारी सून सगळं ऐकून तोंड दाबत आतल्या खोलीत पळाली.

"बघ!" मी मुलाला म्हटलं. "आता मशीन विकायला काही कारण उरलं?"

"आई," तो गंभीरपणे म्हणाला, "तुझा हात चालत नव्हता, तेव्हा मशीन विकायचं मी नुसतं म्हणत होतो, मन होत नव्हतं. का चालत नव्हता ते आता कळलं. आता विकतोच!"